कपाटातला दुसरा चोर

आमच्या हिला अर्धी गोष्ट सांगून उठून जायची खोड आहे. गोष्ट ऐन रंगात येते, तेवढ्यात दूध उतू जातं, ही उठते आणि पुढचं राहून जातं. घरी मी वैतागतो, पण दवाखान्यात याच खोडीमुळे तिचं नाव आहे.

ती दातांच्या डॉक्टरीणबाईंची मदतनीस. दाटीवाटीने उगवलेल्या दातांना सरळ व्हायला जागा लागते. म्हणून बाई कागदासारखी पातळ, खरखरीत पोलादी पट्टी दोन दातांमध्ये घालून केसभर घासतात. पेशंट जरा हलला की ओठ नाहीतर हिरडी कापलीच म्हणून समजा. ओठ आणि दात यांच्यामध्ये कापसाची सुरळी आणि स्वतःचं बोट धरून ठेवायचं, हे हिचं काम. शिवाय पेशंटने हलू नये म्हणून ही आधी एक गोष्ट सुरू करते आणि अर्ध्यावर सोडते. पुढचं ऐकायच्या आशेने माणूस दगडासारखा बसतो.

एकदा एक क्लॅरिनेटवाला आला. रविवारी त्याचा पहिलाच एकट्याचा कार्यक्रम होता, आणि ते वाद्य खालच्या ओठाच्या जिवावर वाजतं. दातांच्या कामाची तारीख त्याने दोनदा पुढे ढकलून झाली होती. आता पट्टी नेमकी खालच्या दातांमध्ये जायची होती. ओठाला नुसता ओरखडा आला तरी रविवार गेला, असं म्हणत तो खुर्चीतून उठायलाच निघाला.

हिने त्याला बसवलं, ओठ हलकेच खाली ओढून सुरळी ठेवली, वर बोट धरलं.

"चोर घरात शिरला, कपाट उघडलं, तर आत दुसरा चोर. पहिल्याने त्याला काय विचारलं असेल?"

आणि गप्प. काम संपेपर्यंत तो डोळे मोठे करून बसून राहिला. पट्टी एकदा निसटली, पण फाटला तो हिचा हातमोजा. आरशात पाहिलं तर ओठ जसाच्या तसा. तेव्हा कुठे त्याला गोष्ट आठवली.

"ताई, पुढे काय झालं?"

"ते रविवारी, वाजवून झाल्यावर."

रविवारी आम्ही दुसऱ्या रांगेत होतो. काय वाजवलं पठ्ठ्याने! संगीतातलं ओ की ठो न कळणाऱ्या मलाही भरून आलं. शेवटच्या सुरापाशी येऊन मात्र तो थांबला. वाद्य खाली घेतलं आणि हिच्याकडे पाहत नुसता उभा राहिला. हिच्या लक्षात आलं तशी ती लाजत उठली.

"त्याने विचारलं, माझा नंबर कितवा?"

हसू आवरायला त्याला जरा वेळ लागला, मग तो शेवटचा सूर आला. लोक त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होते. मी हिच्यासाठी वाजवत होतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हिची गोष्ट शेवटापर्यंत ऐकायला मिळाली ती त्या दिवशीच.