कोरड्या हातांचे कंपौंडरअण्णा

कंपौंडरअण्णा कुणाच्याही घरी गेले की आधी त्या घरातल्या माणसांच्या हातांकडे बघत, तोंडाकडे नंतर. हात ओले दिसले की त्यांच्या कपाळावर आठी पडे. मग समोर चहा घेऊन आलेली शेजारीण असो की कचेरीतला हेडक्लार्क. "हात वाळवा आधी," असं ते बिनदिक्कत सांगत. माणसं एकमेकांकडे बघून हसत आणि धोतराला नाहीतर पदराला हात पुसत. पुसलेले हात अण्णांना चालत नसत. वाळवलेलेच लागत.

ते माझे वडील. पण सगळं वडगाव त्यांना कंपौंडरअण्णा म्हणायचं, म्हणून मीही इथं तेच म्हणते. बेळगावच्या कॅम्पातल्या एका दवाखान्यात ते औषधं कालवायला होते. सकाळी सायकलवर टांग टाकून जायचे आणि दिवेलागणीला अंगाला औषधाचा वास घेऊन यायचे. बाटल्या, चिमटे, सुया, सगळं पातेल्यात घालून खळखळ उकळायचं, हे त्यांचं रोजचं पहिलं काम. त्यांचा त्या उकळण्यावर फार विश्वास होता. "उकळलं की जंतू मेले, आणि जंतू मेले की आपण सुटलो," असं ते म्हणायचे.

आई गेली तेव्हा हा विश्वास त्यांच्या काही उपयोगाला आला नाही. पौषात ताप आला आणि आठव्या दिवशी ती गेली. मी अकरा वर्षांची, मधली आठ आणि धाकटी शकू चार. दुसरी लढाई सुरू व्हायला अजून काही वर्षं होती. दिवस झाल्यावर निपाणीच्या आत्या, म्हणजे अण्णांची थोरली बहीण, मुद्द्याचं बोलल्या. त्यांच्या घरी तंबाखूची वखार होती, माणसं होती, दूधदुभतं होतं. नव्हतं ते फक्त मूल.

"दत्तू, पोरींस्नी मी घिऊन जाते. एकट्या बापय माणसाला हे जमायचं न्हाय."

"न्हाय आक्का. पोरी हितंच ऱ्हातील."

"संसार म्हंजे तुझं मिक्श्चर न्हवं, बाटली हलीवली की झालं. वर्साचं लोणचं तरी घालता येतंय काय तुला?"

"घालतो," अण्णा म्हणाले.

आत्या थट्टेनं बोलल्या होत्या. अण्णांनी मात्र ते खरं मानलं. मग आत्यांनाही ते खरं मानावं लागलं. दोघं भावंडं एकाच मातीची. ठरलं असं, की आत्या नागपंचमीला माहेरी येतील. तोवर लोणचं टिकलं तर तिघी अण्णांच्या. नाही टिकलं तर धाकटी शकू निपाणीला. आम्ही तिघी दाराआड उभ्या राहून ऐकत होतो. आमचं नशीब कैरीवर जाऊन बसलं होतं, आणि तेव्हा मला त्याचं हसूही आलं नाही.

चैत्रात अण्णांनी कैऱ्या आणल्या. फोडी अशा सारख्या केल्या की प्रत्येक फोड औषधाच्या वडीएवढीच. आईची मोठी चिनी मातीची बरणी त्यांनी थंड पाण्याच्या हंड्यात ठेवून चुलीवर उकळली. फडक्यात धरून बाहेर काढली, दोनदा झटकली आणि दवाखान्यात बाटली भरावी तशी लगेच लोणच्यानं भरली. तोंडावर मेणकागद, त्यावर दोरा, दोऱ्याच्या गाठीवर लाख. वर औषधाच्या बाटलीवर डोस मोजायला डकवतात तशी खाचा पाडलेली कागदी पट्टीसुद्धा लावली. गल्लीतल्या बायका विचारून जायच्या, "अण्णा, दिवसातनं किती डाव घ्यायचं हो हे लोणचं?"

पंचमीला आत्यांनी लाख फोडली. कागद काढला. फोडींवर पांढरी बुरशी पसरली होती, अगदी भिंतीच्या कडेला येते तशी.

आत्यांनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. "फुडल्या पंचमीला टिकलं तर शकी परत तुझी," एवढंच त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी शकूचे चार कपडे बोचक्यात बांधले आणि निपाणीच्या सर्व्हिस मोटारीत बसल्या. शकूला मोटारीत बसायला मिळालं म्हणून ती टाळ्या वाजवत होती. अण्णा मोटार दिसेनाशी होईपर्यंत उभे होते. घरी आल्यावर त्यांनी ते लोणचं परसात शेवग्याखाली पुरलं आणि बरणी राखेनं घासत बसले. मी जवळ गेले तेव्हा म्हणाले, "जंतू मेले होते गं. पाणी तेवढं जिवंत ऱ्हायलं."

मग ते उठले आणि समोरच्या गंगव्वाकडे गेले. गंगव्वा विणकराची बायको. त्यांच्या घरात दिवसभर मागाचा खटखटाट चाले. ती अण्णांना डाक्टर म्हणायची आणि अण्णांनी तिची ही चूक कधी सुधारली नव्हती, कारण ती चूक त्यांना आवडायची. खोकल्याचं औषध तिनं त्यांच्याकडून नेलं होतं. आज मात्र डाक्टर तिच्या उंबऱ्यात उभे होते. सहा महिने बायकांचे सल्ले "बघतो, बघतो" म्हणून उडवून लावणारा माणूस म्हणाला, "गंगव्वा, माझं कुठं चुकलं ते सांगा."

"अय्यो! तुमी मला इचारताय?" तिनं माग थांबवला. "आवो, तुमची औषधाची बाटली ओली आसली तर चालतंय. औषधच पान्याचं. लोणच्याला पान्याचा थेंब चालत न्हाय. बरणी उनात पालथी घाला, चांगली चार दिस. आनि भरायच्या आदी हिंगाची धुरी द्या. आतनं कडकडीत झाली पायजे."

"उकळायची न्हाय?"

"उकळा की! तुमचं तुमी करा, आमचं आमी करतो. दोन्ही केलं म्हणून बरणी काय रागावती व्हय?"

घरी येऊन अण्णांनी ते सगळं दवाखान्याच्या कागदावर आकडे घालून लिहून काढलं आणि कागद चुलीमागच्या भिंतीवर डकवला. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा होत्या: हात कोरडे. त्या दिवसापासून आमच्या घरात ओल्या हाताला थारा राहिला नाही. जेवून हात धुतले की आम्ही दोघी अंगणात ओंजळी पसरून उभ्या. येणारीजाणारी विचारायची, "काय गं, प्रसाद मागताय काय?"

दुसऱ्या वर्षी बरणी उकळून अंगणात बाजेच्या सुंभावर पालथी घातली. सावली सरकली की अण्णा बाज सरकवायचे. त्यासाठी दवाखान्यातून दुपारी सायकल हाणत घरी यायचे. तिसऱ्या दिवशी ते परत निघाले आणि वळीव आला. मी धावले, पण बरणीच्या काठाला चार थेंब लागलेच. मी ते परकरानं पुसले आणि गप्प राहिले. संध्याकाळी मात्र राहवेना, सांगून टाकलं. लोणच्यासाठी आणून ठेवलेल्या टोपलीतल्या कैऱ्या तोवर पिकायला लागल्या होत्या, आणखी चार दिवस थांबल्या नसत्या. गंगव्वाही म्हणाली, "चार थेंबानं काय व्हतंय? पुसलंय की पोरीनं." अण्णांनी टोपली उचलली, सगळ्या कैऱ्या गल्लीत वाटून टाकल्या आणि बरणी पुन्हा हंड्यात ठेवली. पहिल्यापासून. मला एका शब्दानं बोलले नाहीत. मी त्या रागाची वाट बघत होते आणि तो आला नाही, याचंच मला जास्त रडू आलं.

चार दिवस ऊन दिल्यावर नव्या कैऱ्या आल्या. निखाऱ्यावर तेलाचा थेंब आणि हिंगाची चिमूट टाकून अण्णांनी बरणी वर पालथी धरली. धूर आत कोंडला. बरणी भरून वर तेलाचा थर दिला, तोंडावर धुऊन कडक वाळवलेल्या धोतराच्या कापडाचा दादरा बांधला आणि दोऱ्यावर मेण फिरवलं. मग चार महिने त्या बरणीकडे बघणंसुद्धा आम्हाला मना होतं. ते स्वतः मात्र रोज बघायचे.

पंचमीला आत्या आल्या. शकू त्यांच्या लुगड्याला धरून मागे उभी होती. अण्णांनी हात पुढे केला तर ती आणखी मागे सरली. वर्षात बाप परका झाला होता. अण्णांनी हात मागे घेतला आणि बरणी पुढ्यात आणून ठेवली. आत्यांनी नुकतेच हातपाय धुतले होते. त्या पाटावर बसल्या आणि दादऱ्याला हात घालणार, एवढ्यात अण्णा ओरडले.

"आक्का! हात!"

थोरल्या बहिणीपुढं त्यांचा आवाज कधी चढला नव्हता. आत्यांनी चमकून हात मागे घेतला आणि पदराला पुसायला लागल्या.

"पुसून न्हाय. वाळवून."

आत्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता उठतात आणि शकूला घेऊन जातात. त्या उठल्या खऱ्या, पण अंगणात गेल्या. श्रावणातलं ऊन ते, दोन सरींच्या मधलं. त्यात तळहात वर करून उभ्या राहिल्या. आम्हाला सवयच होती, आम्हीही जाऊन शेजारी उभ्या राहिलो. शकूला तो खेळ वाटला. तीही ओंजळ पसरून आमच्यात येऊन उभी राहिली.

ऊन गेलं तेव्हा आत्या आत आल्या. बरणीजवळ बसल्या नाहीत. "दत्तू, शकी ठेवून जाते," म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावला. अण्णा म्हणाले, "आधी लोणचं तरी बघ." ते चांगलं होतं. आत्यांना मीठ जरा जास्त वाटलं, आणि ते त्यांनी सांगितलंही. मग कोपऱ्यात जाऊन शकूच्या कपड्यांचं बोचकं त्यांनी स्वतःच्या हातानं सोडलं. त्यांना ते किती जड गेलं असेल, हे कळायचं माझं वय तेव्हा नव्हतं.

माझं लग्न होऊन मी लोंढ्याला रेल्वेच्या चाळीत गेले, तेव्हा अण्णांनी मला एक चिनी मातीची बरणी दिली. दादरा बांधलेली, दोऱ्यावर मेण फिरवलेली. आत काय आहे म्हणून सासूबाईंनी हलवून पाहिली. काहीच वाजलं नाही. बाजूला ती खाचांची कागदी पट्टी होती आणि तिच्यावर अण्णांचं बारीक अक्षर: "रिकामी आहे. हात वाळवून उघडावी."

त्याच वर्षी माघात अण्णा गेले. चैत्रात कैऱ्या आल्यावर मी बरणी फळीवरून काढली, पट्टी वाचली आणि अंगणात जाऊन हात उन्हात धरले. हात वाळले, डोळे भरून आले. ते पुसले तर हात पुन्हा ओले. पुन्हा उन्हात धरले, पुन्हा तेच झालं. सासूबाई दारातून बघत होत्या, पण त्यांनी हटकलं नाही. तिसऱ्या वेळी मी डोळे पुसलेच नाहीत. गालांवरून काय वाहायचं ते वाहू दिलं आणि कोरड्या हातांनी दादरा सोडला. आतून हिंगाचा वास आला.

त्या वर्षी लोंढ्याला पावसानं भिंतींनासुद्धा बुरशी आणली. माझं लोणचं टिकलं.