दुहेरी घडीचे कापड

मंडळी, आपली मास्तरांची ही फिरती वही आज कल्याणात माझ्याकडे पोचली, म्हणून आजचेच लिहितो.

सकाळी शाळेत एकरूप आकृती शिकवल्या. कागदाची घडी घालून दोन त्रिकोण एकदम कापले. एकावर दुसरा ठेवला, तसा खालचा पुरता झाकला गेला. मग फळ्यावर लिहिले, ‘एकरूप म्हणजे एकाच्या जागी दुसरे ठेवले तरी चालते.’

घरी आलो तेव्हा बायको गंगूचे पोलके बेतत होती. गंगू आणि यमू आमच्या जुळ्या मुली. त्यांतली यमू श्रावणात पटकीने गेली.

बायकोने सवयीने कापड दुहेरी घातले, वर गंगूचे जुने पोलके ठेवले आणि कात्री चालवली. मग थांबली.

“अहो, दोन कापली गेली,” एवढेच म्हणाली.

गंगू म्हणाली, “दोन्ही मीच घालीन.”

मी तुकडे एकमेकांवर ठेवून पाहिले. कडा नेमक्या जुळल्या. रडू काही आले नाही. जेवलो, पानही खाल्ले.

ते वाक्य अजून फळ्यावर आहे. उद्या पहिला तास माझाच. तुम्ही असतात तर पुसले असते का?