सायमनची लेक

नसरापूरला एसटीत चढताना आण्णा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले, "तितल्या मान्सांत मिसळून ऱ्हा. पाव्हण्यागत बसू नगंस." आई पिशवीत लसणाची चटणी कोंबत होती. वरव्याजवळच्या पॉलिहाऊसमध्ये गुलाब पिकवायला शिकलो, त्या जोरावर मला केनियातल्या एका गुलाबाच्या फार्मवर नोकरी लागली होती. तुमच्यातले कुणी दुबईला गेलात, कुणी पिंपरीला. निघताना कसं होतं ते तुम्हांला ठाऊकच आहे.

तिथला सुपरवायझर सायमन माझा मित्र झाला. एकदा जेवताना त्यानं मला घरचं सांगितलं. त्याची लेक नाशिपाय वयात येत होती. लग्नाआधी मुलींच्या गुप्तांगाचा भाग कापायचा, ही त्याच्या गावची जुनी रीत. कायद्यानं बंदी, तरी चोरून चालायची. सायमनच्या बायकोला त्यापायी बाळंतपणात मरणयातना झाल्या होत्या. आणि आता त्याच्या आईनं सुईणीला सांगावा धाडला होता. "ही बायकांची बाब आहे, तू मध्ये पडू नकोस," असं तिनं त्याला बजावलं होतं.

मी फोनवर आण्णांना सांगितलं.  ते म्हणाले, "बाप हाय ना त्यो? त्यानं मधी न्हाई पडायचं, तर कुनी?"

मोडक्यातोडक्या स्वाहिलीत मी ते सायमनला ऐकवलं. पुढच्या रविवारी तो मला गावी घेऊन गेला. झाडाखाली बसलेल्या पुरुषांसमोर तो उभा राहिला. "माझ्या मुलीला ब्लेड लागणार नाही."

एक म्हातारा म्हणाला, "मग तिच्याशी लग्न कोण करणार?"

आमच्या फार्मवर पॅकिंगला असलेला, त्याच गावचा एक तरुण उठला. "आम्ही करू. आम्हांला हे कधीच नको होतं." त्याच्यामागून आणखी चौघे उठले.

सायमनची आई मागे उभी राहून ऐकत होती. ती शांतपणे म्हणाली, "आम्ही तुमच्यासाठीच करत आलो. नको होतं, तर इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

 मग तिनंच सुईणीला निरोप पाठवला, ब्लेड आणू नकोस, जेवायला ये.

नाशिपाय मोठी झाली म्हणून बिनब्लेडचा सोहळा झाला. रंगीत मण्यांचे हार घालून ती मिरवत होती. मीही नाचलो. व्हिडिओ बघून आई म्हणाली, "लई वंगाळ नाचतोस रं."

आता सुट्टीवर आलो की शेअर रिक्षात कुणीतरी विचारतंच, "तिकडं तुझं कोन हाय?" पूर्वी मी 'कोणी नाही' म्हणायचो आणि तिकडे परतलो की वरव्याची आठवण काढत राहायचो. आता सांगतो, पुतणी आहे. शाळेत जाते, गणितात कच्ची आहे, आणि काकाला दर रविवारी फोनवर वैताग आणते.