लातूरच्या नावाची गोगलगाय

पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवलेला शंख सोडवायला मी तो बशीतल्या पाण्यात ठेवला होता. थोड्या वेळाने त्यातून दोन शिंगं बाहेर आली. माझ्या हातातला चिमटा खाली पडला. वर्षभर मी त्या गोगलगायीला मेलेली समजून तिची मापं घेत होतो.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता, दुष्काळ मात्र आमच्या ओळखीचाच. मी नांदेडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत पीएच.डी. करत होतो, आणि ती सगळी शिरूर अनंतपाळच्या एका दगडी बांधात सापडलेल्या या शंखांवर उभी होती. नेहमीच्या जातीत शंखाच्या तोंडाची कड जाड, बाहेर वळलेली असते. यांची पातळ होती. म्हणून ही नवीन जात ठरवून मी तिला लातूरचं नाव दिलं. पेपर छपाईला गेलासुद्धा.

जात शंखावरून ठरवायची की आतलं शरीर चिरून, हा आमच्या धंद्यातला जुना वाद. माझे गाईड पक्के शंखवाले, मग मीही तसाच. शंखाच्या तोंडात खोलवर पांढरा पापुद्रा दिसत होता, तो मी चुना समजलो.

बांधाचे मालक शिवलिंगअप्पा त्या दिवशी आणखी शंख घेऊन आले होते. बशीकडे बघत ते शांतपणे म्हणाले, "पाणी न्हाई म्हणून ते पांढरं दार लावून बसतेत सर. आमच्याकडं समद्यांला ठावं हाय."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलंच न्हाई."

गोगलगाय ओल्या मातीत ठेवली, कोबीची पानं घातली. दोन महिन्यांत शंखाची कड जाड होऊन बाहेर वळली. माझी नवीन जात म्हणजे जुन्याच जातीचं, पावसाअभावी वाढ खुंटलेलं पिल्लू होतं. मी ती गाईडकडे घेऊन गेलो.

गाईड भिंगातून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "हे आणखी कोणी पाहिलंय?"

"शिवलिंगअप्पांनी."

"ते काही आपले पेपर वाचत नाहीत. स्पिरिटमध्ये टाक तिला."

शिंगं पाहून बसला नव्हता एवढा धक्का मला या वाक्याने बसला. ज्यांच्याकडून मी हे शास्त्र शिकलो, ते हे बोलत होते. त्याच दुपारी पेपर मागे घेत असल्याचं पत्र टाकलं. गाईड बदलावे लागले, पीएच.डी. चार वर्षं लांबली.

तेव्हापासून वहीत 'मृत' लिहिण्याआधी मी नमुन्याला दिवसभर ओलाव्यात ठेवतो. आणि त्याच्याही आधी, ज्याच्या बांधातून तो उचलला त्याला विचारतो.