पाण्याचा बिट

चिटगुप्प्याला विहिरींवरच्या मोटारींचे बोर्ड दुरुस्त करणारा एकजण आहे. त्या बोर्डांचे प्रोग्राम लिहिताना तो मोठ्यानं प्रश्न विचारतो आणि स्वतःच 'व्हय', 'न्हाई' म्हणतो.

परवा तो एक जुना बोर्ड आणि त्याचा प्रोग्राम घेऊन आला; मी हैदराबादेत नोकरीला असताना लिहिलेला. मुडबीच्या विहिरीवर त्याला नवा बोर्ड बसवायचा होता. काही चुकलं तर मोटार कोरडी चालून जळणार.

"अक्का, ह्यात पाण्याचा बिट कुठला?" म्हणजे पाणी आहे की नाही हे सांगणारा एक किंवा शून्य.

तरुणपणी मी सगळी तपासणी नुसत्या आकड्यांनी एका ओळीत कोंबायची. दुसऱ्याला ती कळली नाही की फुशारून जायची. आता आजी झाल्यावर ती मलाच कळेना.

"थांब, आठवायलंय," मी थाप मारली.

त्यानं ओळखलं असणार. "सावकाश आठवा. तवर ही पाण्याची बादली धरा."

जुन्या बोर्डाची पाणी ओळखणारी तार बादलीत बुडवून, बाहेर काढून, कुठला बिट बदलतो ते त्यानं पाहिलं. त्या तपासणीचं छोटं वेगळं फंक्शन केलं, त्याला 'पाणी आहे का' असं नाव दिलं, आणि माझी ओळ नव्यानं लिहून मला वाचायला लावली.

"पाणी आहे का? नसेल तर मोटार बंद," मी एका दमात वाचलं.

"तुम्ही हेच लिवलं होतं की, अक्का," तो म्हणाला.