शेवया तुटायल्यात

माझाच आवाज माझ्यावर खेकसला तो नेकनूरच्या बाजारात. मी मेथीच्या जुड्या निवडत बसले होते. दिवाळी होऊन थोडे दिवस झाले होते, रस्त्यानं ऊसतोडीला निघालेल्या टोळीचा ट्रॅक्टर चालला होता. वर भांडीकुंडी, बायका, शेरडं, आणि ड्रायव्हरच्या डोक्यामागं स्पीकरची ही एवढी दोन खोकडी बांधलेली. धाड धाड वाजत होती. आधी संबळ, मग हलगी, मग लग्नाच्या बँडात असते ती पिपाणी, आणि एकदम एक बाई कडाडली, "ये बाई, हळू वाजीव की! माझ्या शेवया तुटायल्यात!"

मेथीवाली ठेक्यावर मान हलवत म्हणाली, "शेवया तुटायल्यात, शेवया तुटायल्यात."

माझ्या हातातली जुडी खाली पडली.

"घ्यायची का न्हाई आज्जी?"

"ती बाई मी हाय," मी म्हणाले.

"कोणती बाई?"

"ट्रॅक्टरवरची. वरडली ती."

तिनं लांब गेलेल्या ट्रॅक्टरकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "बरं बरं," म्हणाली, "उन्हाचं डोक्यावरून पदर घेत जावा."

आता हे सगळं कसं झालं ते सांगायचं तर सुनेपासून सुरू करावं लागतं.

माझी सून धारूरची. तिच्या वडिलांचं तिथं स्टँडाजवळ मोबाइलचं दुकान. मोबाइल कमी विकले जायचे, खरा धंदा मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचा. शाळा सुटली की ही गल्ल्यामागं बसायची. ऊसतोडीला निघालेली माणसं सहा महिन्यांची गाणी एकदम भरून न्यायची, जसं आपण बाजरी भरून ठेवतो तसं. एकाला गोंधळ पाहिजे, त्याच्या बायकोला लग्नातली गाणी, पोराला हिंदी, आणि सोबतच्या गाडीवानाला उरुसातली कव्वाली. कार्ड तर एवढंसं. सगळं मावणार कसं? मग ही काय करायची, प्रत्येकातलं अर्धं अर्धं कापायची आणि एकाला एक जोडून द्यायची. संबळ संपतो तिथं कव्वालीच्या टाळ्या धरायच्या. पुढं लोकच म्हणायला लागले, आम्हाला अख्खी गाणी नको, तुमच्या पोरीनं जोडलेली पाहिजेत. तिचं शिक्षण म्हणाल तर ते हे असं झालं.

लग्नात तिच्या रुखवतात चिवड्या-लाडवाच्या ताटाशेजारी लॅपटॉप मांडलेला होता. आमच्याकडच्या बायकांनी त्यालाही हळदीकुंकू लावलं. माझा मुलगा नेकनूरला मोटारी बांधायचं काम करतो, विहिरीवरच्या मोटारी जळतात त्यात नवी तार भरून देतो. त्याला बायकोचं कौतुक. त्यानं मागच्या पत्र्याच्या खोलीत तिला दोन खोकडी जोडून दिली आणि म्हणाला, "वाजीव." झालं. तिथून पुढं माझ्या घरात शांतता म्हणून राहिली नाही.

ती आवाज गोळा करते. परातीचा, उखळाचा, स्टँडावर एसटी मागं घेताना कंडक्टर पत्र्यावर थाप मारतो त्याचा. एकदा मी दळण पाखडत होते तर मोबाइल घेऊन सुपाजवळ बसली. म्हटलं, "फोटू काढायलीस का?" तर म्हणे, "न्हाई आत्या, सूप ऐकायले." हे सगळं ती लॅपटॉपात घालते, त्याखाली तो परदेशी धाडधाड ठोका देते, वर संबळ, हलगी, पिपाणी. मी म्हणायचे, चार पंगतींतलं एका ताटात कालवतेस, कुणी खाईल का? पण ऐकता ऐकता माझाच पाय हलायचा, आणि पाय हलला की मी जागा बदलून बसायचे. तिला दिसू नये म्हणून.

त्या दिवाळीआधीच्या चैत्रात मी शेवया करत होते. मशीनच्या नव्हे, पाटावरच्या. पाटावर बसून पीठ तळहातानं खाली रेटत न्यायचं, खालून केसासारख्या बारीक तारा निघतात, त्या दुसरीनं झेलून काठीवर टाकायच्या. काठी मी पत्र्याच्या खोलीच्या दाराशी आडवी बांधली होती, तिथं सावली असते म्हणून. आणि आत हिचं सुरू. घागर पालथी घालून ती वाजवत होती, मोबाइल चालू ठेवून, आणि खोकड्यातून ठोका. धाड म्हटलं की पत्रा थरथरायचा, पत्रा थरथरला की काठी, आणि ओल्या शेवया तुटून पटापट धुळीत. अर्धा पाट गेल्यावर माझा जीव वर आला. दारात जाऊन ओरडले. काय ओरडले ते आता सगळ्या जिल्ह्याला पाठ आहे.

तिनं बंद केलं. माफी मागायला येईल म्हणून मी वाट बघते, तर ही लॅपटॉपावर वाकलेली. थोड्या वेळानं डोळे मोठे करून बाहेर आली. "आत्या, तुमी बरोबर तालात वरडलात. पार समेवर आलात. ठेवू का?"

"ठेव," मी म्हणाले. "कोण ऐकतंय."

ते गाणं मग एका मोबाइलातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून ट्रॅक्टरवर, ट्रॅक्टरवरून कारखान्यावर, तिथून मांडवात असं फिरलं. लोक त्याला 'शेवया' म्हणायला लागले. पण या धंद्यात एक रीत आहे. गाण्यात मधून मधून बनवणाऱ्याचं नाव बोलतं, मोठ्या घोगऱ्या आवाजात, म्हणजे ऐकणाऱ्याला कळतं माल कुणाचा. आमच्या बाईनं काय केलं, स्वतःचं नाव एकदाच, अगदी सुरुवातीला, हळूच टाकलं. लोकांनी तेवढं कापलं आणि आपापली नावं चिकटवली. मी एका महिन्यात ते गाणं तीन निरनिराळ्या माणसांचं म्हणून ऐकलं.

"कावून गं मोठ्यानं न्हाई टाकलंस नाव?"

"वाटलं, गाणं चांगलं असलं तर लोक इचारत येतील."

लोक विचारत गेले, पण दुसऱ्याच दारात. आणि आमच्या गल्लीत ज्यांना कळलं ते माझ्या मुलाला म्हणायचे, "भारी गाणं केलंस बे." तो बिचारा सांगून थकला.

तिला फार काही नको होतं. एका मांडवात, भर उजेडात, तिच्या हातानं तिचं गाणं वाजावं आणि ते तिचं आहे हे लोकांना कळावं, एवढंच. हे तिनं मला भाकरी थापताना सांगितलं, आणि सांगून लगेच पीठ मागितलं, जसं काही बोललीच नाही.

माघात माझ्या भावाच्या नातीचं लग्न निघालं. माझं माहेर युसूफ वडगाव. मोठं खटलं, भावाला गावात मान, त्याच्याशिवाय पारावरची बैठक बसत नाही. मी सुनेला घेऊन आधीच गेले. चहा झाल्यावर म्हटलं, "दादा, हळदीला आन् वरातीला गाणी माझ्या सुनेला लावू दे."

भाऊ हसला. "बाई, तू बी. सून मांडवात मिरवायची का मिशनीमागं उभी करायची? आन् आपुन कुणाला सांगितलंय ठावं का? शेवयावाल्याला! दोन गावांनी मागितलता, आपल्याला मिळाला."

मी तोंड उघडलं, तर सुनेनं बाजेखालून माझ्या पायावर पाय दिला. चांगला जोरात दिला.

परत येताना बसमध्ये मी धुसफुसत होते. "सांगू द्यायचं हुतंस की!"

"सांगून पटत न्हाई आत्या. लॅपटॉप दाखवला तर म्हणतील नवऱ्यानं केलं." खिडकीबाहेर बघत म्हणाली. मग तिकिटाची घडी घालत म्हणाली, "शेवयावाला कसा दिसतो ते तरी बघू."

दिसायला बरा होता. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी हळद होती, तो सकाळीच गाडी घेऊन आला. गळ्यात साखळी, डोळ्यावर काळा चष्मा, बोलायला गोड. मांडवात बायका जमल्या, नवरीला पाटावर बसवलं, आणि त्यानं पहिलंच 'शेवया' लावलं. आधी त्याचं नाव गर्जलं, मग संबळ. माझी वहिनी, जी गुडघ्याच्या दुखण्यानं देवळाची पायरी चढत नाही, ती दोन्ही हात वर करून नाचायला लागली. मी सुनेकडं बघितलं. वाटलं रडती की काय. तर ती मांडीवर बोटं वाजवत होती आणि कपाळाला आठ्या.

"त्यानं येग वाढवलाय," म्हणाली. "संबळ पळायलाय. ऐका की."

मी ऐकलं. खरंच, संबळ धापा टाकत होता.

तेव्हा मी उठले. काही ठरवलेलं नव्हतं. त्या माणसाजवळ गेले, म्हटलं, "बाळा, गाणं लई छान हाय. तूच केलंस?"

"मीच की मावशी."

"आन् मधी वरडते ती बाई कोण?"

"ती व्हय?" त्यानं चष्मा डोक्यावर चढवला. "ती माझी आज्जी."

"हाय का आज्जी?"

"न्हाई मावशी. वारली. साल झालं."

"अरेरे. कशानं रे?"

"म्हातारपणानं."

तोवर मला फक्त राग होता. पण म्हातारपणानं? मी अजून विहिरीवरून दोन घागरी आणते. त्याच्यासमोर माइक होता तो मी उचलला. त्याला वाटलं म्हातारी उखाणा घेणार, त्यानं हौसेनं गाणं बारीक केलं. मी मांडवाकडं तोंड केलं, छाती भरून घेतली आणि ओरडले, "ये बाई, हळू वाजीव की! माझ्या शेवया तुटायल्यात!"

वहिनीचे हात वरच राहिले. नवरीनं हळदीचं तोंड वर केलं. आणि मग जो हशा उठला, सोयऱ्यांच्या खुर्च्या मागं सरकल्या.

"मी वारलेली आज्जी," मी माइकात म्हणाले. "साल झालं."

भाऊ धोतर सावरत आला. "बाई, काय लावलंयस हे?"

"दादा, दहा वरसं एका घरात माझं वरडणं ऐकलंस. वळखू आलं न्हाई?"

भाऊ डोकं खाजवत म्हणाला, "मला वाटायलतंच, ही बाई लई वळखीची भांडायलीय."

मग मी सगळं सांगितलं, पाट, काठी, घागर, पत्र्याची खोली. तोवर सून माझ्या मागं येऊन उभी होती. तो माणूस तिला म्हणाला, "ताई, मला एकानं पेनड्राइव्हात दिलतं. मी आपलं नाव तेवढं टाकलं."

मला वाटलं आता ही त्याला चांगलं धुणार. तर तिनं नावाची गोष्टच काढली नाही. "येग कावून वाढवला?" एवढंच विचारलं. "संबळ पळत असतो का? देवीम्होरं हुभं ऱ्हाऊन वाजतो तो."

तो खाली बघून म्हणाला, "लोक नाचत्यात म्हणून."

"सरका," ती म्हणाली.

आणि सरकला तो. तिनं कमरेच्या पिशवीतून पेनड्राइव्ह काढला. लग्नाला येताना तो कशाला आणला होता हे मी अजून विचारलेलं नाही. 'शेवया' तिनं तिच्या वेगानं लावलं आणि माझ्या वहिनीला दम खाऊन नाचता आलं. मग तिनं जे केलं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. माइक हळदीची गाणी म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांच्या मधोमध ठेवायला सांगितला. त्या म्हणत होत्या तसंच म्हणू दिलं, आणि खालून ठोका, अगदी बारीक, जात्याची घरघर असावी तसा. वर मधूनच पिपाणी. म्हाताऱ्या आधी बिचकल्या, मग त्यांतली सगळ्यात थोरली म्हणाली, "बंद नगं करू गं, त्याच्यानं दम पुरायलाय." नवरीला हळद लावता लावता सगळ्यांनी ती सगळी गाणी म्हटली, मधली विसरलेली सुद्धा. पुरुष मंडळी जेवायचं सोडून मांडवाच्या कडेला येऊन उभी राहिली.

भावानं शेवटी स्वतः माइक घेतला. त्याला भाषणाची सवय. "मंडळी," म्हणाला, "उद्या वरातीला बी हीच वाजीवणार. ही आपली पाव्हणी, माझी भाचेसून, शेवया हिनं केलंय, ह्या आपल्या..." आणि अडला. माइक बाजूला धरून माझ्याकडं वाकला. "बाई, नाव काय गं हिचं?"

तीन वर्षं झाली होती लग्नाला. मी सांगणार तेवढ्यात सुनेनं त्याच्या हातातून माइक घेतला आणि आपलं नाव सांगितलं. हळूच नाही. चांगलं मोठ्यानं, आणि मग एकदा आणखी, आणि त्या दुसऱ्या वेळी तिनं खालचा ठोका मोठा केला आणि नाव बरोबर समेवर आणलं.

त्या माणसाशी तिचं आता बरं जमतं. गाडी त्याची, खोकडी त्याची, मशीनमागं ही. परवा तो घरी आला तर पाया पडून म्हणाला, "आज्जी, तुमी जित्या हाव हे लई बरं झालं." मी त्याला शेवयांची खीर वाढली. पुढच्या गाण्यासाठी सून मला म्हणते, आत्या, पुन्हा एकदा ओरडा. पाच वेळा ओरडून बघितलं. मुद्दाम ओरडलं की तालात येत नाही. आता ती वाट बघत बसली आहे, मी कधी खरंच चिडते त्याची, आणि हल्ली मला राग येत नाही, ही मोठी अडचण झालीय.

तिचं नाव मी इथं लिहिणार होते. पण तिनं हे वाचलं आणि ती ओळ खोडली. म्हणाली, "वहीत नगं आत्या. गाण्यात हाय की. ऐकतील."