कुणी वापरत नाही म्हणून काढलेली कमांड

मंडळी, आज स्वतःवरच चिडून लिहितोय.

बॉलने विटा फोडायचा एक फुकट कॉम्प्युटर गेम आहे, त्याची मराठी माहिती मी लिहितो. तो कुठल्या कमांडने सुरू करायचा, सेटिंगच्या फाइलमध्ये काय बदललं की काय होतं, असं सगळं. नवी आवृत्ती निघताना ‘स्लो’ या कमांडपुढे मीच शेरा मारला होता: कुणी वापरत नाही, काढून टाका. आधी हा गेम खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर विचारलंही होतं. कुणीच काही बोललं नाही.

आज दुपारी शेजारच्या काकांना मोठ्या हौसेने नवी आवृत्ती टाकून दिली. काका कुर्डुवाडीला रेल्वेत होते, आता सोलापुरात मुलीकडे असतात. लकव्यानंतर उजव्या हाताला व्यायाम म्हणून रोज हाच गेम खेळतात.

बॉल सुटला आणि काकांचा हात पोचायच्या आत खाली गेला. परत खेळले, परत तेच.

“आधी हळू यायचा की रं,” काका म्हणाले.

“मीच स्लो टाकून ठेवलं होतं,” त्यांची मुलगी म्हणाली. “तुमच्याच पानावर वाचून.”

“मग ग्रुपवर सांगितलं का नाहीस?”

“कुठला ग्रुप, दादा?”

जुनी आवृत्ती परत टाकतो म्हटलं. काकांनी माउसवरचा उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला.

“ऱ्हाऊ दे. माज्या एकट्यापायी कशाला.”

तरी जुनी आवृत्ती टाकूनच उठलो. पण मंडळी, जे आपल्या ग्रुपमध्येच नाहीत, त्यांना तुम्ही कसं विचारता?